उघाडी

भरती रात्री बारा सत्तेचाळीसला, चार पूर्णांक एकाहत्तर मीटर.
तक्ता भिंतीवर चिकटपट्टीने लावलाय,
ओल येऊन ऑगस्टचा कोपरा सुटलाय.

बेलापूरच्या धारण तलावावर आज मी एकटा.
म्हणजे मी, दोन पंप,
आणि पहिल्या पंपाच्या पेटीत राहणारी पाल.
दुसरा पंप संध्याकाळपासून घोरतोय,
त्याच्या जाळीतून काढली मी
शहाळी, गादीचं अस्तर,
लेस बांधलेला शाळेचा एक बूट.

खाडी चढली की लोखंडी झडपा आपोआप मिटतात.
बाहेरचं बाहेर.
पण मग आतलंही आत:
आभाळातून पडतंय ते, पारसिकवरून उतरतंय ते,
सगळं येऊन पायरीशी उभं राहतं
रेशनच्या रांगेसारखं,
ओहोटीचं दुकान उघडेपर्यंत.

फोन वाजतो. पुणतांबेकर बाई, तळमजला.
गाडी वर काढू का?
काढा, म्हटलं.
पाच मिनिटांनी पुन्हा: वर म्हणजे कुठे?
हे माझ्या तक्त्यात नाही.

इथे आमचं खार होतं.
हा पंप आहे ना, साधारण इथेच
माझा बा, जोमा मढवी, बांधावर निजायचा.
उघाडीला लाकडी फळ्या. भरतीला टाकायच्या, ओहोटीला उपसायच्या.
काळोखात बोट बुडवून जिभेला लावायचा.
'डोल्यांना नको इचारू, जिभंला इचार.'
खारं लागलं की हाळी,
आणि खांड गेली म्हणून अख्खं गाव
घमेली घेऊन चिखलात. नवी नवरीसुद्धा.

दीड वाजला. पाणी दुसऱ्या पायरीवर.
मोजपट्टी वाचली, वहीत लिहिली.
मग उगाच,
खरंच उगाच,
बोट बुडवलं.

खारं.

पावसाचं पाणी खारं नसतं.
तीन नंबरची झडप नीट बसलेली नाही,
मध्ये काहीतरी अडकलंय, तिवराचं खोड असेल,
नाहीतर दुसरा बूट.

कंट्रोल रूमला कळवलं. टीम पाठवतो म्हणाले, रस्ता मोकळा झाला की.
रेनकोटची चेन अडकली, तशीच सोडली.
पहार घेतली. टॉर्च दातात.
मागे फोन वाजतोय, बाई असतील.

निघण्याआधी शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं:
१.३४, पाणी खारट लागले.
सकाळी साहेब विचारतील,
कुणाला?