मागचं डावं

डब्यात तीनशे दहा पाउंड होते,
बेकरीतल्या रात्रपाळीचे, पिठाचा वास लागलेले.
गाडी माझ्याहून फक्त सात वर्षांनी लहान,
दोन सीटची, छप्पर कापडी, रंग एकेकाळी लाल.
वळण आलं की कंबर सैल सोडायची
आणि खड्ड्यात उतरली की
मांडणीवरची भांडी कोसळावीत तशी वाजायची.

सगळे म्हणाले, नवे कॉइलओव्हर घे,
पिवळे, जपानी, उंची कमी-जास्त करता येणारे.
किंमत पाहिली, नऊशे.
गाडीच मुळात आठशेची.
नाकापेक्षा मोती जड, म्हणून
मोती दुकानातच ठेवला
आणि नाक घेऊन इदवालकडे गेले.

इदवाल प्रिदर्च, वय एकोणऐंशी.
बेथेस्डाच्या स्लेटच्या खाणीत छत्तीस वर्षं
ट्रकांच्या पोटाखाली उताणा.
आता डोळ्यांत मधोमध करडा डाग,
कडेकडेचं तेवढं दिसतं.
म्हणजे मी नाही, माझे कान.
गॅरेजमधला दिवा त्याने माझ्यासाठी लावला.

गाडी जॅकवर, चारही चाकं भिंतीला टेकलेली.
आजारी मेंढीचा पाय चाचपावा
तसा त्याचा हात खालून फिरत गेला.
"स्प्रिंगला उगाच बदनाम करतेस, नॉन."
अंगठा एका रबरी बुशवर थांबला.
"हे बघ."
मी पाहिलं. तडकलेलं, टणक,
जुन्या चपलेच्या टाचेसारखं.
"लोखंडा-लोखंडाच्या मधे कुणीतरी मऊ लागतं.
ते संपलं की दोघं भांडतात,
आणि आपण मोठ्या आवाजामागे
पाकीट घेऊन पळतो."
एवढं बोलून त्याला शिंक आली,
हाताचं ग्रीस मिशीला लागलं.
मी सांगितलं नाही.

बुशांचा संच, एकशे अठरा.
शॉक अ‍ॅब्सॉर्बर लानरुस्टच्या भंगारातले,
समोरून ठोकलेल्या एका गाडीचे,
साठला चार.
दांडा दाबायचा, सोडायचा, वर येताना मोजायचं.
इदवाल वेल्शमध्ये मोजायचा, मी मनात.
चौथा जरा घाईत वर आला.
"घे," तो म्हणाला, "घाई माझ्यातही होती."

मग बोल्ट.
वीस हिवाळे रस्त्यावर पेरलेलं मीठ
त्यांच्या आटेआट्यांत जाऊन बसलेलं.
तेल, ज्योत, हातोडा, चहा.
पुन्हा तेल.
स्प्रिंग दाबायचं यंत्र भाड्याचं;
ते आवळताना त्याने मला दाराबाहेर उभं केलं,
स्वतः मात्र आतच राहिला.
तिसऱ्या संध्याकाळी शेवटचा कोपरा,
मागचा डावा.
पाना फिरला, आणि मला वाटलं, सुटला.
सुपारी फुटावी एवढाच आवाज झाला.
अर्धा बोल्ट पान्यात,
अर्धा आत, कायमचा असल्यासारखा.

"आज नको," इदवाल म्हणाला.
"आता ड्रिल लावलीस, तर आहे तेही जाईल."
चाकांची अलाइनमेंट धरून
डब्यात उरले होते बावीस.
त्या कोपऱ्यात शॉक तेवढा बदलला,
रबर जुनंच ठेवलं.

रविवारी पहाटे
नान्ट फ्रँकॉनच्या दरीतून, पलीकडच्या जुन्या रस्त्याने,
त्याला शेजारी बसवून.
दवाने पांढरं झालेलं गवत, मेंढ्या, कुणी नाही.
त्याने डोळे मिटले.
"आता ओढ्याचा पूल," म्हणाला. आला.
"आता रस्ता डावीकडे कलतो." कलला.
वळणात गाडी यावेळी बसून राहिली,
हट्टी मूल अचानक ऐकू लागावं तशी,
आणि माझ्या पोटात काहीतरी हसलं.

गुरं अडवायची लोखंडी जाळी आली.
पूर्वी इथे दात वाजायचे.
आता नुसती कुजबुज, चाकाखालून पाठीपर्यंत.
आणि तिच्या शेवटी,
टक्.

"मागचं डावं अजून बोलतंय," इदवाल म्हणाला.
"बोलू दे. पगार अठ्ठावीसला."
"मग अठ्ठावीसपर्यंत हळू चालव."
समोर तळ्याकडे चढणारी तीन वळणं होती,
एकाला एक लागून, कोरडी.

मी हळू चालवली नाही.
त्यानेही डोळे उघडले नाहीत.