पायरी एक, पायरी दोन

लेम्युएलचा चष्मा झडतीत फुटला.
पहाटे साडेतीनला, गाद्या उलट्या करताना,
सार्जंट मॅकॅडूचा बूट त्यावर पडला.
पडला की पाडला,
ते लिहायचं नाही, मी त्याला सांगितलं.
हेतू लिहिला की अर्ज परत येतो.
बूट लिही. वेळ लिही. कोठडीचा नंबर लिही.

इथे टेक्ससमध्ये तक्रारीला दोन पायऱ्या.
पहिली चढायला पंधरा दिवस.
एका अर्जात एकच गाऱ्हाणं,
आखलेल्या चौकटीबाहेर काना-मात्रा गेलेली चालत नाही,
आणि त्याच्याही आधी
ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याशी तोंडी मिटवून पाहिलंत का,
कधी, आणि तो काय म्हणाला.
"म्हणाला, कुठला चष्मा?"
तेच लिही, मी म्हटलं.

बावीस वर्षांत मी एकेचाळीस अर्ज केलेत.
एक जिंकलो.
धुलाईत हरवलेला मोजा परत मिळाला,
एकच, डाव्या पायाचा असावा.
म्हणून लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात.

पण लेम्युएल लिहिणार कसा?
कागद नाकाला टेकवला तरी
नदीकाठच्या कापसावर सकाळी असतं तसं
नुसतं पांढरं, म्हणाला.
मग मी लिहिलं. सुवाच्य, काळ्या शाईत.
नवव्या दिवशी परत:
अर्जदाराचं हस्ताक्षर नाही.

उरले सहा.
नूडल्सच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला,
दाढीच्या पात्यानं त्यात फटी कापल्या,
अर्जावरच्या रेघांइतक्या, तेवढ्याच अंतरावर.
बोट फटीत, पेन बोटाच्या मागे.
पहिल्या रात्री त्याचं नावही फटीतून सांडलं.
तिसऱ्या रात्री "बूट" जमला.
इतका दाबून लिहायचा
की मागच्या बाजूनं अक्षर हाताला लागे.
शेवटच्या दिवशी जेवणघराच्या दारातल्या पेटीत टाकला,
पडल्याचा आवाज आला का, दोनदा विचारलं.
आला, मी म्हटलं. आला नव्हता.

चाळीस दिवसांनी उत्तर. बारीक छपाई.
मीच वाचून दाखवलं, सहीसकट:
आरोपाला पुरावा आढळला नाही.
चष्म्यासाठी वैद्यकीय विभागाचा विहित नमुना भरावा.
पुढील कार्यवाही आवश्यक नाही.
"पुन्हा वाच," म्हणाला. पुन्हा वाचलं.
दुसऱ्यांदाही तेच होतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
चढायची म्हटली तरी आधी या दोन,
एक जरी चुकली तर न्यायाधीश फाईल उघडत नाही,
मग चष्मा काय आणि माणूस काय.
म्हणून दुसऱ्या पायरीचा अर्ज मी मनात तयार ठेवला होता,
नियमांचे आकडे, तारखा, सगळं.
लेम्युएलनं ऐकून घेतलं.
मग पुठ्ठा पसरला.
पहिल्या उत्तराशी आपण का असहमत आहात?
त्याखाली बारा रेघा. त्यानं एकच वापरली:
तुमचं उत्तर मला वाचता आलं नाही.

अजून लिही, मी म्हटलं.
"एका अर्जात एकच," म्हणाला.

त्याचं उत्तर अजून यायचंय.
मधल्या काळात त्यानं पुठ्ठ्यावरून
बोमॉन्टला बहिणीला पत्र लिहिलं,
तिसऱ्या कोठडीतला व्हर्जिल, ज्याला दिसतं सगळं
पण ओळ सरळ येत नाही, तोही पुठ्ठा मागून नेऊ लागला.

काल पुन्हा झडती झाली.
पुठ्ठा जप्त. पावतीवर लिहिलं:
मूळ उपयोगातून बदललेली वस्तू.

मला वाटलं, आता बसेल गप्प.
रात्री दिवे मालवायच्या आधी
लेम्युएलनं कोरा अर्ज मांडीवर घेतला, पायरी एक.
बोट ठेवलं, थोडं सरकवलं,
जिथे पहिली फट असायची तिथे थांबवलं.
मी पुढे झालो. नको म्हणाला.
फक्त तारीख विचारली.