आतून वाचताना

मंगळवारी कुडाळच्या शोरूममध्ये
एका पोराने माझ्या गाडीवर चुंबक फिरवलं.
बोनेट, छप्पर, उजवं दार : चिकटलं.
डाव्या दारावरून घसरून खाली पडलं.
"इथं लांबी भरलीय, काका."
मी म्हटलं, वेंगुर्ल्याचा वारा खारा,
लोखंडाचं काय घेऊन बसलास.
त्याने नुसतं लिहून घेतलं.
मग दार उघडून नाक मुरडलं,
आणि सोळा वर्षांच्या सुकटीच्या वासाचे
तीन हजार वेगळे कापले.

अडतीस हजार.
नव्या गाडीच्या किमतीतून वजा.
धुरी नावाच्या गोड बोलणाऱ्या मुलाने पेढा दिला,
पेढ्याचा हात पुसायच्या आत
कोऱ्या फॉर्मवर तीन सह्या घेतल्या.

एकोणतीस वर्षं बँकेत
मी लोकांना हप्ते समजावले,
होडीचे, कलमांचे, पोरीच्या नर्सिंगचे,
पेन्सिलीने रेघ ओढून :
हे बघा, इथवर व्याज, इथून पुढे तुमचं.
त्या रात्री तीच रेघ स्वतःसाठी ओढली.
चौऱ्याऐंशी महिने.
रेघ माझ्या निवृत्तीवरून पुढे गेली,
गुडघ्यांच्या ऑपरेशनवरून पुढे गेली,
कागद संपला.

अंगणात गाडीच्या जागी तेलाचा डाग.
शेजारच्या कुबलांची मांजर
बोनेटवर उडी मारायला आली सवयीने
आणि डागाशेजारी बसून राहिली,
कुणीतरी खुलासा करावा अशी.

शालन म्हणाली, "नको तर नको म्हणान सांगा.
लगीन थोडाच मोडतास?"

सकाळच्या एसटीत तीन कारणं पाठ केली :
मुलाची फी, डॉक्टरांचा सल्ला,
आणि तिसरं, अगदीच अडलं तर, अमावास्या.
धुरीने एकही विचारलं नाही.
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
पाच हजार तीनशे कपात.
"आणि माझी गाडी?"
"मागे बघा. असली तर."

होती.
धुतलेली, टायर काळे केलेले,
आरशाला लिंबाच्या वासाची पुडी,
आणि काचेवर, पांढऱ्या रंगात, हातभर मोठं :
७२,०००.

निवतीचा एक पोरगा डावं दार आपटत होता.
दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही.
"आपटू नको. थोडं उचल, मग लाव."
लागलं.
"काकानू, गाडी तुमची काय?"

कागदावर मी तिचा कोणी नव्हतो.
सह्या तीन, तारीख कोरी.
"माझी," मी म्हटलं, "आणि विकायची नाय."
"मगे हंय कित्याक लावलास?"

हे चौथं कारण मी पाठ केलं नव्हतं.

पाच हजार तीनशेला
माझीच गाडी मी विकत घेतली.
पावती मागितली. सवय.

आतून आकडा उलटा दिसतो :
आधी तीन शून्यं, मग वळणदार काहीतरी,
कुठल्याच भाषेत न बसणारं.
शून्यांतून रस्ता बघत मी चालवत होतो.
समोरून एसटी आली, मधल्या शून्यात मावली,
मोठी होत होत बाहेर पडली.
मठच्या चढाला दुसरा गिअर नेहमीसारखा रुसला,
मी नेहमीसारखा थांबलो, मनात तीन मोजले.
उतारावर लिंबाच्या खालून
सुकटीचा वास हळूच वर आला.

शालन ओला फडका घेऊन बाहेर आली.
गाडीला एक फेरी मारली. काचेपाशी थांबली.
"बहात्तर?"
"ते म्हणतात."
"आणि तुमका किती देत होते?"
मी मांजरीकडे बघितलं.

तिने हेडलाइट पुसले, नंबरप्लेट पुसली,
डाव्या दाराची लांबी भरलेली जागा
जरा जास्तच वेळ पुसली.
काच तशीच ठेवली.
"रवांदे दोन दिस," म्हणाली,
"कुबलीणीक बघूंदे."