बरणी नंबर एकवीस

आमच्या प्रयोगशाळेतल्या एकवीस नंबरच्या बरणीवर
दुर्राणी सरांच्या हातचं लेबल आहे:
फर. नारकंडा, दिवाळी सुट्टी, शहाऐंशी.
आत एक शंकू, वीतभर, अख्खा,
आणि पिवळं पडलेलं फॉर्मॅलिन.

तीस वर्षं अंबाजोगाईची पोरं
तिच्याकडे बघून वहीत फर काढत आली.
मीही काढला होता. दहापैकी नऊ.

ताडून बघायला इथे दुसरं झाड तरी कुठलं?
गेटपाशी सुरू आहे, वाऱ्यात घुमतो,
पण तो सूचिपर्णी नव्हेच, नुसतं सोंग.
घाट उतरला की बाभळी, बोरी, हिवर.

सटवाजी मामा निवृत्त झाले त्या दिवशी
कपबशी बाजूला सारून म्हणाले,
"मॅडम, ती बरणी खोटी हाय."

सहलीत चाळीस पोरांचे दाबलेले नमुने
त्यांच्याच पाठीवर होते.
तिथल्या वनरक्षकानं हातात फांद्या देऊन शिकवलं.
"चिडाचं पान जुडीनं येतं. दोन, तीन, न्हाईतर पाच.
देवदाराचं झुबक्यानं.
स्प्रूस आन् फर, ह्यांचं एकएकटं.
मग चिमटीत धरायचं. गरगर फिरलं तर स्प्रूस.
चपटं, फिरंना, पोटाला दोन पांढऱ्या रेघा, तर फर.
पानं गळाली की स्प्रूसची फांदी कानशीवानी लागती,
फरची गुळगुळीत. नुसता गोल वण,
दंडावर देवी टोचल्यावानी."

आणि शंकू?

"स्प्रूसचा खाली लोंबतो, अख्खाच्या अख्खा पडतो.
सरांनी वाटंवरनं उचलला, तो ह्यो.
फरचा फांदीवर उभा ऱ्हातो, वांग्याच्या रंगाचा,
आन् उभ्याउभ्याच झडतो, खवला खवला.
मागं दांडा तेवढा.
पाखरांनी खाल्लेलं बाजरीचं कणीस बघितलंय न्हवं?
भुईवर अख्खा कवाच घावत न्हाई."

तुम्ही सांगितलं नाही सरांना?

"सांगितलं की.
म्हणले, पुढच्या सहलीला बदलू.
पुढच्या सगळ्या सहली म्हाबळेश्वरला गेल्या."

मग खिशातून काडेपेटी काढली.
आत बारा-तेरा खवले, इवले पंखे,
एकाला बी चिकटलेलं, पापुद्र्याच्या पंखासकट.
मी नाकाशी धरले.
डोंगराचा वास केव्हाच गेलेला,
गुलाचा तेवढा राहिला होता.

यंदा प्रात्यक्षिकाला धारूरच्या तस्लीमनं लिहिलं:
नमुना एकवीस, स्प्रूस. लेबल चूक आहे.
जालन्याहून आलेले परीक्षक
आधी बरणीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.
मी ड्रॉवर उघडून काडेपेटी पुढे सरकवली.

लेबल काढलेलं नाही अजून.
सरांचं अक्षर फार देखणं.
काडेपेटी आता बरणीशेजारीच असते,
तिला नंबर द्यायचा राहिलाय.