मंचाचं तोंड

ग्रामपंचायतीचा नवा मंच मंजूर झालाय.
इंजिनिअर पोरगा टेप सोडत विचारतो,
"काका, याचं तोंड कोनत्या बाजूनं ठेवाचं?"
चाळीस वर्षं तोंड रंगवलेला मी
धानाच्या धसकटांत उभा,
आणि मला उत्तर येत नाही.

दंडारीला तोंड नव्हतं, बाबू.
बुराड्यांच्या खळ्यात दोन टेंभे,
टेंभ्यांभोवती माणसं, माणसांमागे बंड्या,
बंड्यांवर पोरं.
मी बाईचं सोंग घ्यायचो.
पुढच्यांसमोर नवऱ्यासाठी रडलो
की मागून सुकरू मस्के विडी विझवून म्हणे,
"बाई, तुहा नवरा इकडंबी मेला."
मग रडणं फिरवावं लागे जात्यासारखं,
एक हुंदका शाळेकडे, एक गाढवी नदीकडे,
आणि मधल्या वेळात पाठीनं.
पाठीनं रडायला मी तिथंच शिकलो.
खांदे आधी जातात. मग मान.

एकदा सोंगातली बाई सात महिन्यांची होती,
पोटाशी कोंड्याची पिशवी.
सिरमाबाई गहाणे उठली, रिंगणात चालत आली,
माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.
म्हणाली, "उभी नोको राहू, माय."
मी बसलो.
गोष्टीत बसायचं नव्हतं.
पुढचा सगळा प्रवेश बसूनच झाला,
आणि राजाही मग बसला बिचारा.

मग वडशाची कंपनी.
जमीन उतरती खोदायची, त्यात दोन हजार माणसं,
निघालेल्या मातीचा मंच.
त्यांच्या बुडाखालची माती आमच्या पायाखाली,
एवढं नातं राहिलं.
वर दोरीला पाच माईक टांगलेले.
वाक्य तोंडात धरून माईकपर्यंत पोचायचं;
मायलेकाची ताटातूट
दुसऱ्या माईकपासून चौथ्यापर्यंत.
मी बुटका, मान वर करून बोलायचो,
लोक म्हणत, काय साकडं घालतो देवाला!
पाठ मात्र गेली.
पाठीमागे रंगवलेला राजवाडा,
राजवाड्याआड प्रॉम्प्टर, त्याचा चहा.
तरी समोरचं दिसत असे. विड्यांची टोकं दिसत.
पहाटे चारला दव उतरलं
की दोन हजार गोधड्या डोक्यावरून ओढल्या जात
आणि आम्ही आवाज चढवत असू
गोधडीच्या आत पोचेल असा.

नागपूरचा हॉल एकदाच.
दिवे डोळ्यांत. समोर विहीर,
पाणी कुठवर, समजेना.
मी एक हुंदका टाकला, कान देऊन थांबलो.
खाली काही वाजलं नाही.
आम्ही इतके जोरात बोललो
की पहिल्या रांगेतली एक बाई खुर्चीत मागे सरली,
एवढं दिसलं, तेवढंच.
सवयीनं मी वळलो मागे, रडायला,
तर तिथं दोरखंड, वाळूची लाल बादली
आणि विंगेत स्टुलावर पेंगणारा वॉचमन.
तो जागा झाला. डोळे पुसले त्यानं,
झोपेचे असतील.
उरलेलं नाटक मी त्याच्यासाठी केलं,
अर्धं तोंड वळवून.
दिग्दर्शक चिडला.
टाळ्या अखेरीला आल्या, एकदम,
उधारी चुकती करावी तशा.

पोरगा खोळंबलाय.
टेपचं टोक विटेखाली दाबून म्हणतो,
"उत्तरेला ठेवू? डोऱ्यांवर ऊन येनार नाही."
"नाटक रातीचं असते, बापा."
तो हसतो. वहीत लिहितो:
मागची भिंत, दहा फूट.
"मागं भिंत कायले?"
"इस्टिमेटमध्ये आहे, काका."

बरं.
मग त्या भिंतीला एक खिडकी ठेव.
वर नाही, खाली,
मातीत बसल्या माणसाच्या डोळ्याला येईल अशी.
मागं सुकरू बसत होता.