वाढत्या अंगाचा कोट

मुरगाव बंदरावर माझं काम माल मोजायचं.
लोहखनिज भरून जहाजं जपानला जायची
आणि खलाशी मागे टाकून जायचे
तेलकट, कान दुमडलेली, खिशात मावणारी अमेरिकन पुस्तकं.
वर लाल झग्यातली बाई, तिच्यामागे हॅट,
हॅटखाली चेहरा नाही, फक्त सिगारेट.

पुण्याच्या एका प्रकाशकाने लिहिलं, मराठी करा,
पानाला दीड रुपया.

म्हापशाच्या हायस्कुलात मी शिकलो ते इंग्रजी
इस्त्रीचं होतं, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेलं.
इथे माणसं कणकेसाठी खून पाडत होती.
दोन दिवस मी समजत होतो
शिकागोत दुष्काळ पडलाय.
मग एकाने पावडर घेतली.
मी लिहिलं, त्याने औषध घेतलं.
पुढच्याच पानावर तो तीनशे मैल लांब.
असलं कसलं औषध!

खारीवाड्याच्या वळणावर बोस्त्यांव शवपेट्या करायचा.
त्याआधी तीस वर्षं तार्वटी, बोटीवर;
न्यूयॉर्कच्या गोदीत भांडून आलेला,
पुढचे दोन दात तिथेच ठेवून.
तोंडात खिळे धरून तो हसला:
"पावडर न्हय रे बाबा, पळालो तो!"
मी खोडलं आणि लिहिलं, पोबारा केला.
पावडर, पोबारा.
एवढं जुळल्यावर त्या रात्री झोप आली नाही.

मग रोज संध्याकाळी तो रंधा मारायचा, मी वाचायचो.
भुशात पाय, मांडीवर वही.
त्यांची कॅनरी पोलिसांपुढे गाते,
आपला पोपट बोलतो.
पिंजरा तोच.
कणकेला तो म्हणाला, दुडू.
मी दुडू लिहिलं. पुण्याहून उत्तर आलं:
वाचकाला कळणार नाही, पैसे करा.
केले. दीड रुपयात
भांडण बसत नाही.

एक शब्द तेवढा अडून बसला.
ज्याला गोळी लागायची
त्याला ते लोक लाकडी ओव्हरकोट घालायचे.
मी विचारलं, ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
बोस्त्यांव हसला नाही.
फळीवर फुंकर मारली, हात फिरवला.
"पेटी," म्हणाला. "आनी कितें?"
थोड्या वेळाने, "वास्कोत ओव्हरकोट पळयलाय कोणे?"

ती जागा मी कोरी सोडली.
पुढची चाळीस पानं झाली, खुनी सापडला,
ती बाई रडली, ती जागा कोरीच.

ऑगस्टात बोस्त्यांव गेला.
फणसाच्या लाकडाची पेटी त्याने स्वतःच करून ठेवली होती,
कोपऱ्यात, वर गोणपाट टाकून.
मी तिच्यावर बसून दोन प्रकरणं केली होती.
त्याला आत ठेवला तर पायाशी वीतभर जागा उरली.
त्याची बायको ओशाळून बघत राहिली,
नवऱ्याचं माप चुकलं म्हणून.

आणि मला आठवलं,
शाळेच्या पहिल्या दिवशी शिंप्याकडे आई म्हणायची,
जरा वाढत्या अंगाचा शिवा.

घरी येऊन तेवढं लिहिलं, गाळलेल्या जागेत:
त्याला वाढत्या अंगाचा कोट घातला.

प्रुफं आली. समासात लाल प्रश्नचिन्ह,
खाली बारीक अक्षरात, अर्थ?
मी दुसऱ्या चुका दुरुस्त केल्या,
पाकीट चिकटवलं
आणि जहाज मोजायला गेलो.