रकाना

म्हापशाच्या कोर्टात, जिन्याखालच्या टेबलावर
इनास अर्ज भरतोय. म्हणजे मी भरतेय,
तो टोपी गुडघ्यावर दाबून बसलाय.

वय एकोणसाठ. राहणार शिवोली.
धंदा: खेकड्यांची जाळी, आता बंद.
उत्पन्नाच्या ओळीवर तो इतका मोठ्यांदा हसला
की शिपायानं हटकलं.

मनाई हुकूम मार्चचा.
शेजारणीच्या फाटकापासून वीस पावलं लांब राहावं,
रात्री नवानंतर ओरडू नये.
इनासनं दोन्ही मोडलं, एकाच रात्री, पिऊन.
नाकारत नाही. ‘गाळी दिल्यो,’ म्हणतो,
‘फातर मारूंक ना.’

अर्जावर रकाने दोनच: दिवाणी, फौजदारी.
हुकूम दिवाणी,
तुरुंगाचं दार मात्र लोखंडाचं.
कारकून म्हणतो, बाई,
हुकूम मोडण्याचे पैसे कुठल्या खात्यातून काढू?
माझं मागच्या वर्षीचं मानधनही
पणजीला कुठल्याशा फायलीत पडून आहे.
ते मी आत्ता काढत नाही.
दोन्ही रकान्यांत अर्धी अर्धी खूण करते.

समोरच्या बाकावर पलमिरा, पाण्याची बाटली मांडीवर.
तिचा वकील पैसे मोजून केलेला.
डोळ्यांखाली किती रात्रींचं जागरण,
तेही खरंच.

तिला पाहून इनास उठला
आणि मागे मागे सरकू लागला, ओठांत मोजत.
सतराव्या पावलाला भिंत लागली.
तिथंच उभा राहिला, अंग चोरून,
माझ्याकडे बघत.